वाचक विचारतात : जर्मन शेतकरी पूर्वेकडे गेले, पण त्यांना बोलावलं कोणी?

गेल्या अंकात रोमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनिया भागातल्या बियेर्तान गावच्या किल्ल्यासारख्या चर्चचा फोटो छापला होता, खाली चार ओळी, की हे चर्च तिथल्या जर्मन बोलणाऱ्या लोकांनी बांधलं आणि त्यांचे पूर्वज १२व्या शतकात तिकडे येऊन राहिले. त्या चार ओळींवर ढीगभर मेल आलेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच देत नाहीये, आणि काही उत्तरं लांबलीत, कारण विषयच तसा आहे.

प्रश्न : नकाशा उघडून बसलो तर जर्मनी कुठे आणि ट्रान्सिल्व्हेनिया कुठे, मधे अख्खं हंगेरी. एवढ्या लांब हे लोक लढाई करत गेले का? मला तर जर्मन पूर्वेकडे गेले म्हटलं की सैन्यच डोळ्यांसमोर येतं.

उत्तर : बहुतेकांचं असंच होतं, जर्मन आणि पूर्व हे दोन शब्द एकत्र आले की डोक्यात १९४१चे रणगाडेच धडधडायला लागतात. पण ट्रान्सिल्व्हेनियात उलटं झालं, त्यांना हंगेरीच्या राजानं स्वतः बोलावून नेलं. राजा गेझा दुसरा, कारकीर्द ११४१ ते ११६२. राज्याची पूर्वेची कड कार्पेथियन डोंगरांना टेकलेली, वस्ती विरळ, पलीकडून घोडेस्वार टोळ्यांच्या धाडी, आणि उत्पन्नाच्या नावानं जवळपास शून्य. जमीन भरपूर पण कसायला माणूस नाही, मग अशी जमीन राजाला काय कामाची? म्हणून ऱ्हाइन आणि मोझेल नद्यांच्या पट्ट्यातून, लक्झेंबर्गच्या बाजूनं माणसं आणली. कागदोपत्री त्यांना पाहुणे म्हटलंय, नंतर सॅक्सन नाव चिकटलं, खरं तर त्यातले बरेचसे सॅक्सनीचे नव्हतेच.

आता हे पाहुणे फुकट राहिले असं नाही हं. १२२४ साली राजा अँड्र्यू दुसरा यानं त्यांना जी सनद दिली ती वाचली की व्यवहार कळतो. यांनी राजाला दरवर्षी ५०० मार्क चांदी द्यायची (एक मार्क म्हणजे साधारण पाव किलोच्या आतबाहेर, म्हणजे शंभर-सव्वाशे किलो चांदी झाली), राज्याच्या हद्दीत लढाई असेल तर ५०० शिपाई द्यायचे, हद्दीबाहेर राजा स्वतः निघाला तर १००, आणि राजा न येता नुसता कुणी सरदार पाठवला तर ५०. बदल्यात काय, तर आपला पाद्री आपण निवडायचा, तंटे आपल्याच न्यायाधीशापुढे आणि आपल्याच रिवाजानं, व्यापाऱ्यांना राज्यात जकात माफ, जंगल-पाणी वापरायला मोकळं. त्यातही ते जंगल व्लाख आणि पेचेनेग लोकांबरोबर मिळून वापरायचं असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे तिथे आधीपासून माणसं राहत होती हे राजालाही माहीत होतं. मला या सनदेतला तो १०० आणि ५० मधला फरक फार आवडतो, कुणीतरी टेबलावर बसून घासाघीस केल्याशिवाय असला आकडा कागदावर येत नाही.

प्रश्न : साधा शेतकरी घरदार सोडून निघायचा कसा? त्याला कोण नेत होतं, पैसे कोण घालत होतं आणि शेवटी हातात काय पडायचं?

उत्तर : हा सगळ्यात चांगला प्रश्न, त्यामुळे इथे जरा ऐसपैस बसू.

आधी निघायचं कारण. ११व्या-१२व्या शतकात पश्चिम युरोपात लोकसंख्या वाढत होती आणि फ्लँडर्स, हॉलंड, वेस्टफालिया, ऱ्हाइनकाठ या भागात जमीन पुरेनाशी झाली होती, वाटण्या होऊन तुकडे पडलेले, किनाऱ्यावर समुद्राचं पाणी घुसायचं ते वेगळंच. दुसऱ्या बाजूला आजच्या जर्मनीतल्या एल्ब नदीच्या पूर्वेला जंगलं आणि पाणथळ जागा पडून. हॉलंडच्या लोकांना दलदलीतून चर खणून पाणी काढून शेत करायचं तंत्र येत होतं, त्यामुळे त्यांना मागणी होती. या धर्तीचा एक जुना करार ब्रेमेनजवळचा आहे, कागदावर साल ११०६. आर्चबिशप फ्रीडरिश आणि काही हॉलंडवासी, त्यांच्यात एक पाद्री. जमीन पूर्ण पाणथळ, आजवर कुणाच्या उपयोगाची नव्हती असं खुद्द करारातच म्हटलंय. प्रत्येक हिश्श्याचं माप दिलंय, ७२० काठ्या लांब आणि ३० काठ्या रुंद, म्हणजे लांबच लांब पट्टी. वर्षाचा खंड एका पट्टीला एक दिनार, जवळजवळ नाममात्र. चर्चला पिकाची अकरावी पेंढी, दहावं कोकरू, दहावं डुक्कर, दहावी बकरी, दहावं हंस, मध आणि जवसाचाही दहावा हिस्सा. आणि आपसातले भांडणतंटे आपणच मिटवायचे, बिशपच्या माणसानं ढवळाढवळ करायची नाही, त्यासाठी दर शंभर पट्ट्यांमागे वर्षाला दोन मार्क वेगळे. म्हणजे न्यायदानाचा हक्कही चक्क विकत घेतला! ब्रेमेन काही पूर्वेला नाही, पण पुढची दोनशे वर्षं पूर्वेकडे जे करार झाले त्यांचा साचा साधारण हाच.

पुढे या कामात एक मधला माणूस आला, लोकेटर. आजच्या भाषेत डेव्हलपर म्हणा. ड्यूक किंवा मठ किंवा बिशप याच्याकडे जमीन आहे, तो लोकेटरला सांगणार की या जंगलात गाव वसव, ५० हिश्शांचं. मग हा लोकेटर (कधी छोटा सरदार, कधी शहरातला पैसेवाला, कधी नुसताच धडपड्या शेतकरी) पश्चिमेला जाऊन कुटुंबं गोळा करणार, वाटेतला खर्च सांभाळणार, जमीन मोजून पाडून देणार, आणि पहिलं पीक येईपर्यंत माणसं पळून जाऊ नयेत हेही बघणार. बदल्यात त्याला गावात बिनखंडाची जमीन, बऱ्याचदा दर दहा हिश्शांमागे एक किंवा सहांमागे एक, गिरणी आणि दारूचा गुत्ता चालवायचा हक्क, दंडाच्या रकमेतला तिसरा हिस्सा, आणि गावची वंशपरंपरागत पाटीलकी. गाव बसलं तर पोराबाळांची सोय झाली, नाही बसलं तर घातलेला पैसा बुडाला.

शेतकऱ्याच्या बाजूनं बघितलं तर सगळ्यात मोठं आमिष म्हणजे सवलतीची वर्षं. आधीच साफ असलेली जमीन मिळाली तर थोडी वर्षं खंड माफ, दाट जंगल तोडायचं असेल तर अगदी सोळा-वीस वर्षंही माफ. हिस्सा केवढा, तर फ्लेमिश म्हणजे फ्लँडर्सच्या मापानं साधारण १७ हेक्टर म्हणजे चाळीसेक एकर, आणि डोंगराळ जंगलात जे फ्रँकिश माप चालायचं ते २४ हेक्टरच्या आसपास, साठ एकर. जिथून तो आला तिथे त्याच्या वाट्याला याच्या पाव भागही येण्याची मारामार. शिवाय जमीन वारसानं पोरांकडे जाणार, विकता येणार, खंड ठरलेला, आणि वेठबिगार जवळपास नाही. आता सवलतीची सोळा वर्षं ऐकायला छान वाटतात पण ती का दिली हेही बघा ना, कुऱ्हाडीनं जंगल तोडायचं, बुंधे उपटायचे, मधल्या काळात खायचं काय, पहिल्या पिढीचं आयुष्य त्यातच गेलं असणार.

लोकेटर प्रत्यक्ष कसा दिसायचा हे बघायचं असेल तर एक चित्र आहे. आइके फॉन रेपगो यानं १३व्या शतकाच्या पूर्वार्धात सॅक्सन लोकांचे कायदे लिहून काढले, त्या ग्रंथाची चित्रं काढलेली एक हस्तलिखित प्रत हायडेलबर्गला आहे, १४व्या शतकाच्या सुरुवातीची. त्यात एका पट्टीत डावीकडे जमिनीचा मालक सनद देतोय, तिला लोंबती मोहर लावलेली, ती घेणाऱ्याच्या डोक्यावर मोठी गवती टोपी, आणि त्याच्या मागे लगेच एक जण झाड तोडतोय आणि दुसरा घराची लाकडं उभी करतोय. खालच्या पट्टीत तोच टोपीवाला चर्चसमोर बसून निवाडा करतोय. सगळा व्यवहार दोन पट्ट्यांत.

आणि लोक जुनं घर एका झटक्यात सोडत नव्हते बरं का. हेल्मोल्ड नावाचा पाद्री होता, बोझाउ गावचा, त्यानं ११७०च्या आसपास या सगळ्याचा इतिहास लिहिला. तो सांगतो, होलस्टाइनच्या काउंट अडोल्फ दुसरा यानं ११४३ला ल्युबेक वसवलं आणि फ्लँडर्स, हॉलंड, उट्रेख्ट, वेस्टफालिया, फ्रीजलंडला माणसं पाठवून दवंडी दिली, की ज्यांना शेतीची टंचाई आहे त्यांनी बायकापोरं घेऊन यावं, जमीन सुपीक आहे, मासे-मांस मुबलक, कुरणं मोठी. फ्रीजलंडचे लोक झ्युझल नावाच्या गावी वसले. चार वर्षांनी त्या भागात आधीपासून राहणाऱ्या स्लाव्ह लोकांनी तिथे हल्ला केला तेव्हा गढीत चारशेच्या जागी जेमतेम शंभर माणसं हजर, कारण बाकीचे गावाकडच्या वडिलोपार्जित मालमत्तेची निरवानिरव करायला परत गेले होते! त्या शंभरांनी गढी राखली असं हेल्मोल्ड म्हणतो. इकडे नवी जमीन आणि तिकडे जुन्या वाट्याचा हिशोब, दोन्ही चालू.

प्रश्न : परीक्षेसाठी हा विषय दोन ओळींत मिळेल का?

उत्तर : १२वं ते १४वं शतक, एल्ब आणि झाले या नद्यांच्या पूर्वेला बाल्टिक किनाऱ्यापासून ट्रान्सिल्व्हेनियापर्यंत जर्मन आणि फ्लेमिश शेतकरी, कारागीर, व्यापारी, खाणकामगार जाऊन वसले, बहुतेक ठिकाणी तिथल्याच राजा-ड्यूकच्या बोलावण्यावरून आणि काही ठिकाणी तलवारीच्या मागोमाग. झाल्या दोन ओळी, पण यावर पाच मार्कांपेक्षा जास्त मिळाले तर मला कळवा.

प्रश्न : हॅमेलिनच्या पुंगीवाल्याची गोष्ट या स्थलांतराशी जोडलेली आहे असं कुठेतरी वाचलं. खरं का?

उत्तर : खात्रीनं खरं असं नाही म्हणता येणार, पण उगाच उडवलेली थापही नाही. आपण लहानपणी ऐकतो त्या गोष्टीत उंदीर असतात, ते मुळात नव्हतेच, उंदीर १६व्या शतकात घुसले. १५व्या शतकातली जी जुनी नोंद आहे तिच्यात एवढंच आहे की २६ जून १२८४ला भारी कपडे घातलेला एक बासरीवाला आला आणि हॅमेलिनची १३० मुलं घेऊन गेला, ती परत आली नाहीत. आता साल बघा, १२८४, पूर्वेकडच्या वसाहतीचा अगदी भरातला काळ. भरजरी कपड्यातला गोडबोल्या माणूस येतो, वाजतगाजत तरुण पोरांना गोळा करतो आणि घेऊन जातो, हे लोकेटरचं वर्णन म्हणून चपखल बसतं. आणि जुन्या कागदांत गावातल्या सगळ्याच माणसांना त्या गावची मुलं म्हणायची पद्धत होती. युर्गेन उडोल्फ म्हणून नावांचे अभ्यासक आहेत, त्यांनी हॅमेलिनच्या बाजूची आडनावं आणि गावांची नावं बर्लिनच्या उत्तरेला उकरमार्क, प्रिग्निट्स या भागात सापडतात असं दाखवलं. ग्रिम बंधूंनी जी कथा छापली तिच्यात मात्र मुलं डोंगरातून थेट ट्रान्सिल्व्हेनियात निघाली असं म्हणतात असा शेवट आहे. माझं मत विचाराल तर उकरमार्क जास्त पटतं, १३० तरुणांना कार्पेथियनपर्यंत न्यायची गरज काय, जवळच जमीन पडलेली असताना. पण प्लेग, धर्मयुद्ध, दरड कोसळणं असे इतरही तर्क आहेत, त्यामुळे पैज लावू नका.

प्रश्न : तुम्ही हे सगळं गोड करार-करार म्हणून सांगताय, पण ती जमीन रिकामी थोडीच होती? तिथल्या स्लाव्ह लोकांचं काय झालं?

उत्तर : रिकामी अजिबात नव्हती, आणि टोला बरोबर लागलाय. एल्ब ते ओडर या नद्यांमधल्या पट्ट्यात ओबोट्रिट, ल्युटिझी, सॉर्ब असे स्लाव्ह लोक होते, जर्मन त्यांना सरसकट वेंड म्हणायचे. त्यांची शेती होती, देवळं होती, वोलिन आणि श्टेटिनसारखी बाल्टिकवरची मोठी व्यापारी गावं होती. या उत्तरेच्या पट्ट्यात रक्त बरंच सांडलं. ११०८ला माग्डेबुर्गच्या बाजूनं एक आवाहन निघालं होतं, ते मी उदाहरण म्हणून नेहमी देतो: हे मूर्तिपूजक लोक फार वाईट आहेत पण त्यांची जमीन मांस, मध, धान्य, पक्षी यांनी भरलेली आहे, तेव्हा या, आत्म्याचंही कल्याण होईल आणि राहायला उत्तम जमीनही मिळेल. दोन्ही एकाच दमात!

११४७ला वेंड लोकांविरुद्ध धर्मयुद्ध पुकारलं, आणि त्यात फजिती अशी की एक फौज श्टेटिनला वेढा घालून बसली तर तटावर क्रूस लटकलेले दिसले, गाव वीसेक वर्षांपूर्वीच ख्रिस्ती झालेलं! बिशपनं बाहेर येऊन समजावलं तेव्हा वेढा उठला.

पण या पट्ट्यातही गोष्ट सरळ नाही. ओबोट्रिटांचा राजा निक्लोट ११६०ला लढताना मारला गेला. त्याचा मुलगा प्रिबिस्लाव्ह आधी लढला, मग सॅक्सनीचा ड्यूक हाइनरिश (टोपणनाव ‘सिंह’) याच्याशी जुळवून घेतलं आणि ११६७ला बापाचं बरंचसं राज्य परत मिळवलं. त्यांचंच घराणं मेक्लेनबुर्गवर १९१८पर्यंत राज्य करत होतं, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या शेवटी गादी सोडणाऱ्या जर्मन राजघराण्यांपैकी एक मुळात स्लाव्ह. पोमेरेनियाचे ड्यूक तसेच, सायलेशियाचे (आजच्या पोलंडचा नैऋत्य भाग) पोलिश पियास्ट घराण्यातले ड्यूक तसेच. आणि याच स्लाव्ह राजांनी जर्मन शेतकऱ्यांना मागणी घातली, कारण शेजारच्या राजाकडे रोख चांदीत खंड यायला लागला की आपणही तसंच करावं असं कुणालाही वाटणार. सायलेशियाचा हेन्रिक दाढीवाला (१२०१ ते १२३८) यात सगळ्यात धोरणी. सोन्याच्या खाणींजवळच्या झ्वोतोरियाला १२११ला शहराची सनद दिली ती त्यानंच. १२४१ला मंगोल येऊन सगळं उद्ध्वस्त करून गेले, लेग्नित्साच्या लढाईत त्याचा मुलगा मारला गेला, आणि त्यानंतर तर वसवणुकीला आणखीच जोर आला.

राजे तरले, साध्या माणसाचं काय? बऱ्याच ठिकाणी स्लाव्ह शेतकरीही नव्या गावात सामील झाले, नवा जड नांगर घेतला, तोच कायदा घेतला, आणि दोन-चार पिढ्यांत भाषा बदलली. सायलेशियात हेन्रिकुव नावाचा सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाचा मठ आहे, तिथल्या साधूंनी आपली जमीन कुणाकडून कशी आली याचं एक पुस्तक लिहून ठेवलं, उद्या कुणी हक्क सांगायला आला तर हाताशी असावं म्हणून. त्यात एका बोगुखवाल नावाच्या माणसाची हकिकत आहे. हा चेक होता, म्हणजे बाहेरून आलेले सगळे जर्मनच नव्हते. त्याची बायको दिवसभर जात्यावर दळत बसायची, तर हा तिला म्हणायचा, आण, मी दळतो, तू विसावा घे. बाकी पुस्तक लॅटिनमध्ये, हे एवढं वाक्य लोकांच्या बोलीत लिहिलंय, आणि पोलिश भाषेतलं लिहून ठेवलेलं सर्वात जुनं वाक्य म्हणून आज ते पोलंडमध्ये पोरंसोरंही सांगतात.

सगळ्यांचं इतकं बरं नाही झालं. वर सांगितलेल्या सॅक्सन कायद्यात जर्मन न येणाऱ्या आरोपीवर त्याच्याच भाषेत आरोप ठेवला पाहिजे असं कलम होतं. पण पुढे १२९३ला बेर्नबुर्गला आणि १३२७ला लायप्झिशला कोर्टात स्लाव्ह भाषा बंद केली, आणि १४व्या शतकापासून अनेक शहरांच्या गिल्डांनी (कारागिरांच्या संघांनी) नियम घातला की उमेदवारीला घ्यायचं तर मुलगा जर्मन आईबापाचाच हवा, वेंड चालणार नाही. म्हणजे येणारी माणसं कमी झाली, शहरात जागा अपुरी पडायला लागली, तशी दारं लागली. एल्बच्या पश्चिमेला व्हेंडलँड नावाच्या कोपऱ्यात तिथली बोली १८व्या शतकापर्यंत कशीबशी टिकली. तिथला योहान पारुम शुल्त्स नावाचा शेतकरी आणि खाणावळवाला आपल्या वहीत लिहून गेलाय की मी आणि गावातले आणखी तिघं गेलो की कुत्र्याला वेंड भाषेत काय म्हणतात हे सांगणारं कुणी उरणार नाही. तो १७४०ला वारला. सॉर्ब लोक मात्र बाउत्सेन-कॉटबुसच्या बाजूला अजून आहेत, शाळा, वर्तमानपत्र, रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत.

सर्वात वाईट हाल प्रशियन लोकांचे. हे स्लाव्हही नाहीत आणि जर्मनही नाहीत, लिथुआनियन लोकांचे भाऊबंद. पोलंडच्या माझोव्हियाचा ड्यूक कोनराड याच्याशी त्यांची कायमची मारामारी, म्हणून त्यानं १२२६च्या सुमारास ट्यूटॉनिक नाइट्स या लढवय्या साधूंना मदतीला बोलावलं. त्यांनी पन्नासेक वर्षांत अख्खा प्रदेश जिंकला, १२६०चं मोठं बंड मोडलं आणि मग तिथे स्वतःचंच राज्य थाटलं, पोलंडला ते पुढे दोनशे वर्षं डोईजड झालं. यांना आणण्याआधी कोनराडनं हंगेरीत चौकशी केली असती तर बरं झालं असतं, तिथे याच नाइट्सना १२११ला ट्रान्सिल्व्हेनियात जागा दिली होती आणि ते राजालाच जुमानेनात म्हणून १२२५ला हाकलून दिलं होतं. प्रशियन भाषा १८व्या शतकाच्या सुरुवातीला संपली. नाव तेवढं जिंकणाऱ्यांनी घेतलं.

प्रश्न : युक्रेनमध्ये कीव्हला माग्डेबुर्गच्या कायद्याचं स्मारक आहे म्हणे. तिथपर्यंत जर्मन गेले होते?

उत्तर : माणसं थोडी गेली, कायदा फार लांब गेला. माग्डेबुर्ग हे एल्बवरचं व्यापारी शहर, त्याचा शहरी कायदा नव्या शहरांनी उचलला. त्यात काय होतं तर शहराला स्वतःचं कोर्ट, ज्यूरी, नगरपरिषद, बाजाराचे हक्क, वारसा आणि कर्जाचे नियम, आणि राजाच्या अधिकाऱ्यानं रोजच्या कारभारात हात घालायचा नाही. पोलंडमध्ये पोझनान १२५३, क्राकुफ १२५७. ल्वीवला १३५६ला पोलंडच्या राजानं दिला, व्हिल्नियसला १३८७, कीव्हला १५व्या शतकाच्या शेवटी, आणि तिथे तो झारनं १८३०च्या दशकात बंद करेपर्यंत चालला. या शहरांत जर्मन मूठभर किंवा अजिबात नसले तरी चालायचं. पोलंडमधल्या कितीतरी खेड्यांनाही जर्मन कायदा मिळाला पण राहणारे सगळे पोलिश. म्हणून जुन्या कागदात जर्मन कायद्याचं गाव दिसलं की जर्मन लोकांचं गाव समजायचं नाही, जुन्या काळी दोन्हीकडच्या अभिमानी मंडळींनी हा घोळ सोयीनं घातलाय.

बाल्टिक किनाऱ्यावर मात्र ल्युबेकचा कायदा चालायचा, रोस्टॉक, श्ट्रालझुंड, वर टालिनपर्यंत, कारण तिथे जहाजं आणि व्यापार.

क्राकुफच्या सनदेत एक गंमत आहे. ड्यूक बोलेस्लाव्हनं शहर वसवणाऱ्यांकडून वचन घेतलं की खेड्यातल्या पोलिश माणसाला, मग तो बांधील असो की मोकळा, नागरिक करून घेणार नाही. वाचून वाटतं पोलिश राजाच पोलिश लोकांविरुद्ध? तसं नाही, त्याला भीती होती की सगळे शहरात पळाले तर आपल्या आणि चर्चच्या शेतावर राबणार कोण. पुढे १३११ला याच शहराचा मुख्याधिकारी आल्बेर्ट यानं ड्यूक व्वादिस्वाव वोक्येतेकविरुद्ध बंड केलं, ते १३१२ला मोडलं. शहराच्या दप्तरातून जर्मन जाऊन लॅटिन आली. एका जुन्या बखरीत असंही आहे की पकडलेल्यांकडून मसूर, चाक, दळतो, गिरणी हे चार पोलिश शब्द म्हणवून घेतले आणि ज्याची जीभ अडखळली तो दोषी. आता बंडात पोलिशही होते आणि ड्यूकच्या बाजूला जर्मनही होते, पण एकदा असं काही झालं की बारकावे कोण बघतो.

प्रश्न : एकूण किती लोक गेले असतील? आणि थांबलं कधी?

उत्तर : जनगणना नव्हती, त्यामुळे अंदाजच. नेहमी दिला जाणारा आकडा म्हणजे १२व्या शतकात एल्ब-झाले ते ओडर या भागात साधारण दोन लाख, १३व्या शतकात त्याच्या पुढे आणखी तेवढेच. कमी वाटतात ना? पण ही पहिली पिढी, नव्या जमिनीवर पोटभर खाणारी, आठ-आठ पोरं. पुढच्या लाटा बऱ्याचदा जुन्या घरून नाही, याच नव्या गावांतल्या धाकट्या मुलांच्या निघाल्या. १४व्या शतकात वेग मंदावला आणि १३४७ नंतर प्लेग आला, मग जमीनटंचाई राहिलीच नाही, उलट पश्चिमेतच शेतं ओस.

प्रश्न : मग हिटलर म्हणायचा तो पूर्वेचा हक्क यातूनच आला का? आणि हे सगळे जर्मन आता कुठे गेले?

उत्तर : मध्ययुगात शेतकऱ्याला आपण जर्मन राष्ट्रासाठी चाललोय असं काही वाटत नव्हतं, तो चाळीस एकरांसाठी चालला होता. सायलेशियाच्या ड्यूकलाही राष्ट्र नको होतं, त्याला चांदी हवी होती. १९व्या शतकात राष्ट्रवादी इतिहासकारांनी याचं सांस्कृतिक मिशन केलं, पलीकडच्या बाजूनं यालाच हजार वर्षांचं आक्रमण म्हटलं, आणि नाझींनी पहिली गोष्ट उचलून तिच्यावर खून, हकालपट्टी, जमीनजप्ती यांचं धोरण उभं केलं. १९४४ ते १९५० या काळात मग उलटा फेरा आला, पूर्वेतले सव्वा कोटीच्या आसपास जर्मन पळाले किंवा हाकलले गेले. ब्रेस्लाउ हे शहर व्रोत्स्वाफ झालं, जर्मन निघाले आणि त्यांच्या घरांत पोलिश आले, त्यातले काही ल्वीव सोव्हिएत हद्दीत गेल्यामुळे तिथून उठवलेले. ल्वीवच्या मोठ्या पोलिश ग्रंथालयाचा काही भागही त्यांच्यामागून व्रोत्स्वाफला आला.

ट्रान्सिल्व्हेनियातले तेव्हा बरेचसे मागे राहिले, पण १९८९ला रोमानियाचा हुकूमशहा चाऊशेस्कू पडल्यावर बहुतेक जर्मनीला निघून गेले, आज तिथे थोडेच आहेत. त्यातलेच क्लाऊस योहानिस आधी तिथल्याच सिबिऊ शहराचे महापौर आणि २०१४च्या निवडणुकीत रोमानियाचे अध्यक्ष झाले, तेही रोमानियन बहुसंख्य मतदारांच्या जोरावर.

प्रश्न : व्होल्गा नदीकाठचे जर्मन हेच का?

उत्तर : नाही, ते पार वेगळे. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिनं १७६३ला जाहीरनामा काढून त्यांना बोलावलं, या गोष्टीनंतर जवळजवळ चारशे वर्षांनी. पद्धत मात्र ओळखीची वाटेल: जमीन, काही वर्षं करमाफी, आपला धर्म आपल्याकडे, आणि माणसं गोळा करायला कमिशनवर नेमलेले एजंट.